हप्ता खात्यात आला, पण पेरणीला कामी आला का? थेट रोख मदत आणि अल्पभूधारकाचे घर

"भाऊ, हप्ता उना का?" नरडाण्याच्या स्टँडवर, कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर किंवा बँकेच्या रांगेत हा प्रश्न हमखास कानावर येतो. पाऊस कधी येणार या प्रश्नानंतर सिंदखेडा तालुक्यात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न बहुधा हाच असेल. खात्यात थेट जमा होणारे दोन हजार रुपये शहरातल्या माणसाला किरकोळ वाटतात. दोन एकर कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी आणि शाळेत जाणारी दोन मुले असलेल्या घरात मात्र या दोन हजारांचा हिशोब आधीच ठरलेला असतो.

या लेखात तीन गोष्टी समजून घेऊ. थेट रोख मदतीने गरजू कुटुंबाचे नेमके काय भागते, ती कुठे कमी पडते, आणि पिकाच्या वेळापत्रकाशी ती कशी जोडायची. योजनांची माहिती अनेक ठिकाणी मिळते. हप्ता आणि पेरणी यांचा मेळ कसा घालायचा, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

थेट लाभ हस्तांतरण म्हणजे काय?

सरकारी मदत वस्तूच्या रूपात किंवा मधल्या हातांतून न देता लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा करणे म्हणजे थेट लाभ हस्तांतरण, म्हणजेच डीबीटी. आपल्या जुन्या माणसांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. त्या वेळी खडी फोडण्याच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामावर मजुरी मिळे आणि खायला सुकडी मिळे. त्याच दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. मदत मिळवायची तर कामावर हजर राहावे लागे, मस्टरवर नाव लागे आणि पैसे हातात पडेपर्यंत वाट पाहावी लागे.

आजच्या पद्धतीचे तीन खांब आहेत: आधार, बँक खाते आणि मोबाईल. यातल्या पहिल्या खांबाचे खानदेशाशी जवळचे नाते आहे. देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली या गावात दिले गेले. थेट लाभ हस्तांतरणाची सुरुवात १ जानेवारी २०१३ पासून झाली, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन खाती सुरू झाली. त्यानंतर शेतकऱ्यांसाठी २०१९ मध्ये पीएम किसान, २०२३ मध्ये राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी आणि २०२४ मध्ये महिलांसाठी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली.

एका घरात वर्षाला किती पैसे येतात?

- पीएम किसान सन्मान निधी: वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांचे तीन हप्ते.
- नमो शेतकरी महासन्मान निधी: राज्य सरकारकडून आणखी ६,००० रुपये, हेही तीन हप्त्यांत. जो पीएम किसानला पात्र तो यालाही पात्र. वेगळा अर्ज लागत नाही.
- लाडकी बहीण: २१ ते ६५ वर्षे वयाच्या पात्र महिलेला महिन्याला १,५०० रुपये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे.
- संजय गांधी निराधार व श्रावणबाळ योजना: निराधार, विधवा, दिव्यांग आणि ६५ वर्षांवरील गरजू वृद्धांसाठी. या योजनांचे मासिक अर्थसाहाय्य २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाले.

आता दोन एकरांच्या एका घराचा हिशोब करू. जमीन पतीच्या नावावर आहे आणि पत्नी लाडकी बहीणची लाभार्थी आहे. शेतकरी म्हणून १२,००० आणि पत्नीचे १८,००० असे वर्षाला ३०,००० रुपये घरात येतात. सरासरी काढली तर महिन्याला अडीच हजार.

यातल्या शेतीच्या १२,००० रुपयांची किंमत आपल्या भाषेत मोजू. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आहे. त्या हिशोबाने १२,००० रुपये म्हणजे साधारण दीड क्विंटल कापूस. कोरडवाहू शेतात पावसाने दगा दिला तर दोन एकरांत हातात राहणारा नफा यापेक्षाही कमी असतो. म्हणून या रकमेने शेती नफ्यात येत नसली, तरी वाईट वर्षी घर उघडे पडत नाही.

रोख पैसे दिले तर ते उडवले जातात का?

हा आक्षेप पारावर नेहमी ऐकू येतो: "फुकटचा पैसा, दारूत जातो." याची तपासणी आपल्यापासून फार दूर झालेली नाही. नरडाण्यावरून जाणाऱ्या आग्रा रोडने वर गेले की इंदूर लागते. त्या भागातील आठ गावांत २०११-१२ मध्ये 'सेवा' या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने एक प्रयोग केला. प्रत्येक प्रौढ व्यक्तीला महिन्याला २०० आणि मुलामागे १०० रुपये, पुढे ३०० आणि १५० रुपये कोणतीही अट न घालता देण्यात आले. पैसे न मिळालेल्या गावांशी तुलना केली तेव्हा असे दिसले की पैसे मिळालेल्या घरांत आहार सुधारला आणि शेळ्या-जनावरे वाढली. लोक दुसऱ्याच्या शेतावरील मजुरीकडून स्वतःच्या शेतातील कामाकडे जास्त वळले. दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही.

जगातील इतर देशांतही हेच चित्र दिसते. मेक्सिकोत १९९७ पासून आणि ब्राझीलमध्ये २००३ पासून गरीब कुटुंबांना, मुख्यतः घरातील बाईच्या हाती, रोख रक्कम दिली गेली. अशा अनेक योजनांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी घेतला. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरील खर्च वाढत नाही, हाच त्याचा निष्कर्ष होता.

माझा अनुभव सांगतो. २०२३ चा खरीप आठवा. पावसाने मोठा खंड दिला आणि ३१ ऑक्टोबरला राज्याने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपला सिंदखेडा तालुका होता. शेजारचे नंदुरबार आणि चाळीसगाव हेही होते. नमोचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबरला आणि पीएम किसानचा १५ नोव्हेंबरला आला. मध्ये दिवाळी होती. त्या दिवसांत शेतावर गेलो की मी विचारायचो, पैशाचे काय केले? उत्तरे साधीच होती. कोणी कडबा घेतला, कोणी किराणा दुकानाची उधारी भागवली, कोणी म्हाताऱ्या आईची औषधे आणली. एक जण म्हणाला, "बैल विकणार होतो, या पैशात चारा आला, म्हणून थांबलो." पुढच्या जूनमध्ये त्याच्या शेतात त्याचेच बैल होते. दुष्काळात बैल पडत्या भावाने जातो आणि पेरणीच्या तोंडावर दुपटीने घ्यावा लागतो. चार हजार रुपयांनी त्याचे तीस-चाळीस हजारांचे नुकसान टळले. रोख मदतीचा खरा उपयोग अशा ठिकाणी होतो.

खरी अडचण: हप्त्याची तारीख

पीएम किसानचे वर्ष तीन भागांत आहे: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च. या चार महिन्यांत हप्ता कधीही जमा होऊ शकतो. आपली लागवड मात्र पावसावर चालते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस झाला की आठ दिवसांत सगळे उरकावे लागते. गेल्या काही वर्षांत खरिपाच्या आधीचा हप्ता कधी आला ते पाहा:

- २०२१: १४ मे
- २०२२: ३१ मे
- २०२३: २७ जुलै
- २०२४: १८ जून
- २०२५: २ ऑगस्ट

२०२५ मध्ये तर नमोचा हप्ता सप्टेंबरमध्ये आला. तोपर्यंत कापूस पात्यांवर होता. म्हणजे पाचपैकी दोन वर्षे बियाण्याच्या वेळी खाते रिकामेच होते. या काळात शेतकरी कृषी सेवा केंद्रातून उधारीवर माल घेतो किंवा गावातल्या सावकाराकडे जातो.

याची किंमत किती पडते ते पाहू. एक एकर बीटी कापसाला दोन पाकिटे बियाणे लागते. २०२५ च्या दराने एक पाकीट ९०१ रुपये, म्हणजे १,८०२ रुपये. त्यात डीएपीची एक गोणी १,३५० आणि युरियाची एक गोणी २६६.५० रुपये धरली, तर सुरुवातीचा खर्च एकरी सुमारे ३,४२० रुपये. दोन एकरांना ६,८४०. मशागत, निंदणी आणि फवारणी यात धरलेली नाही.

हे ६,८४० रुपये जूनमध्ये शेकडा पाच रुपये महिना दराने घेतले आणि पहिली वेचणी विकून नोव्हेंबरअखेर फेडले, तर सहा महिन्यांचे व्याज होते २,०५२ रुपये. म्हणजे सरकारने दिलेला एक अख्खा हप्ता सावकाराच्या व्याजात गेला. शिवाय, उधारी देणाऱ्यालाच कापूस घालायचा अशी अट असेल तर खेडा खरेदीत भावही पडून मिळतो. तो तोटा वेगळाच.

राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. १२ टक्क्यांनी वरील रकमेचे सहा महिन्यांचे व्याज फक्त ४१० रुपये होते. आणि बँकेचे किंवा सोसायटीचे पीककर्ज ३ लाखांपर्यंत असेल व मुदतीत फेडले, तर व्याज सवलतीमुळे ते शून्य टक्क्यात पडते. म्हणून हप्त्याच्या भरवशावर पीककर्जाचे नूतनीकरण टाळू नका.

इतर राज्यांचा अनुभवही उपयोगी आहे. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतू बंधू योजना आणली. एकरी ४,००० रुपये प्रत्येक हंगामासाठी, तेही पेरणीआधी देण्याचा तिचा हेतू होता. पेरणीआधी पैसा, हा विचार शेतीच्या दृष्टीने योग्य होता. त्रुटी अशी की जास्त जमीन असणाऱ्याला जास्त पैसे मिळाले आणि बटाईदार बाहेर राहिला. ओडिशाच्या कालिया योजनेत भूमिहीन आणि बटाईदारांनाही जागा दिली गेली. आपल्याकडे मदतीची तारीख हंगामाशी बांधली गेली, तर आहे त्याच रकमेचा उपयोग वाढेल.

मग आपण काय करायचे? हप्त्याचे हंगामी नियोजन

तारीख आपल्या हातात नाही, नियोजन आहे. वरच्या यादीत खरिपाचा हप्ता मागेपुढे होतो. डिसेंबर ते मार्चचा हप्ता मात्र २०२३ मध्ये २७ फेब्रुवारी, २०२४ मध्ये २८ फेब्रुवारी आणि २०२५ मध्ये २४ फेब्रुवारी असा एकाच सुमारास आला. म्हणून माझा सल्ला असा:

१. फेब्रुवारी-मार्चचा हप्ता बियाण्याचा समजा. पीएम किसान आणि नमो मिळून येणारे ४,००० रुपये शक्यतो आखाजीपर्यंत मोडू नका. वर काढलेल्या ६,८४० पैकी ४,००० हातात असतील तर उधारी २,८४० रुपयांचीच होते. शेकडा पाच दराने सहा महिन्यांचे व्याज २,०५२ वरून ८५२ वर येते. बाराशे रुपये वाचले. लग्नसराईत पैसे हातात टिकत नाहीत हे मला माहीत आहे. त्यासाठी बचत गटात किंवा पोस्टाच्या खात्यात वेगळे ठेवा.

२. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हप्ता रब्बीचा. ओल असेल तर हरभरा, गहू किंवा दादर यांच्या बियाण्याला आणि बीजप्रक्रियेला तो लावा. हरभऱ्याला रायझोबियम आणि ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया अगदी कमी खर्चात होते आणि मर रोगाचा धोका कमी करते.

३. जून ते ऑगस्टचा हप्ता उशिरा आला तरी वाया जात नाही. त्याचा उपयोग निंदणीची मजुरी, युरियाचा दुसरा हप्ता आणि बोंडअळीवर नजर ठेवण्यासाठी करा. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले तरच फवारणीचा निर्णय घ्या. सापळ्यांचा थोडा खर्च एक अनावश्यक फवारणी वाचवतो.

४. पीकविम्याचा हिस्सा आधी बाजूला काढा. राज्यात एक रुपयातला पीकविमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५ च्या खरिपात बंद झाला. आता खरिपातील अन्नधान्य व तेलबियांना विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के आणि कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हिस्सा शेतकऱ्याने भरायचा आहे. मुदत साधारण जुलैअखेर असते. त्या वेळी हात रिकामा असला की विमा राहून जातो, आणि नेमका तोच हंगाम दगा देतो.

५. बियाणे पावतीवरच घ्या. उधारीवर घेतलेल्या मालाची पक्की पावती बऱ्याचदा मिळत नाही, आणि उगवण झाली नाही तर तक्रार करता येत नाही. रोखीने घेणारा पावती मागू शकतो. पावती आणि पाकीट हंगाम संपेपर्यंत जपा.

मूग, सोयाबीन यांचे घरचे बियाणे असेल तर पैसे खर्च करण्याआधी उगवण तपासा. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. सोयाबीनचे ७० किंवा जास्त दाणे उगवले तर बियाणे विकत घेण्याची गरज नाही. वाचलेले पैसे खताला लावा.

बाईच्या खात्यातले पैसे

लाडकी बहीणचे पैसे शेतीत घालावेत का, असे मला अनेक भाऊ विचारतात. माझे उत्तर असते, हा प्रश्न तुमच्या घरच्या ताईंना विचारा. दर महिन्याला येणारी रक्कम हे या योजनेचे बळ आहे. किराणा, मुलीचा एसटीचा पास, दवाखाना, गॅसची टाकी हे खर्च दर महिन्याचेच असतात. हंगामात एकदा येणाऱ्या कापसाच्या पैशावर ते भागत नाहीत, म्हणून उधारी होते. हे खर्च तिच्या पैशातून निघाले, तर शेतीच्या हप्त्याला हात लावावा लागत नाही. शेतीला मदत ती अशी होते. ताईंनी स्वतः ठरवून शेळी, शिलाई मशीन किंवा बचत गटाच्या हप्त्यात पैसे घातले तर उत्तमच.

येथे एक अवघड मुद्दा आहे. जी महिला स्वतः पीएम किसान आणि नमोची लाभार्थी आहे, तिला महिन्याला सरासरी १,००० रुपये मिळतात असे धरून लाडकी बहीणमध्ये फक्त फरकाचे ५०० रुपये दिले जातात. म्हणजे जमीन पत्नीच्या नावावर असेल तर त्या घरात वर्षाला १२,००० आणि ६,००० असे १८,००० येतात, आणि जमीन पतीच्या नावावर असेल तर ३०,०००. हे पाहून काही ठिकाणी बाईचे नाव सातबाऱ्यावरून कमी करण्याचा विचार बोलून दाखवला जातो. तसे मुळीच करू नका. योजनेचे नियम आज आहेत, उद्या बदलतील. सातबाऱ्यावरचे नाव हा तिचा कायमचा आधार आहे. पीककर्ज, नुकसानभरपाई, विमा, ठिबकचे अनुदान सारे त्या नावावर मिळते.

पैसे का अडकतात? चार नेहमीची कारणे

- ई-केवायसी अपूर्ण. मोबाईलवर ओटीपीने, सेवा केंद्रात बोटांच्या ठशाने किंवा ॲपमध्ये चेहरा दाखवून ती करता येते. शेतकामाने ठसे झिजलेल्या वृद्धांसाठी चेहऱ्याचा पर्याय सोयीचा आहे.
- आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेले. डीबीटीचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असे नाही. आधार शेवटी ज्या खात्याला डीबीटीसाठी जोडले आहे त्यात ते जातात. "पैसे आले नाहीत" म्हणणाऱ्या अनेकांचे पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात सापडले आहेत. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते.
- जमिनीची नोंद जुळत नाही. सातबाऱ्यावरील नाव आणि आधारवरील नाव यांत फरक असला तरी अडते. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, आवश्यक केला आहे. तो काढला नसेल तर आधी काढा.
- अपात्रता. आयकर भरणारे, शासकीय नोकरदार (चतुर्थ श्रेणी वगळून) आणि १०,००० रुपये किंवा जास्त मासिक निवृत्तिवेतन घेणारे पात्र नाहीत. पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जाते, त्यामुळे पती-पत्नीपैकी एकालाच लाभ मिळतो. चुकीने घेतलेले पैसे परत करावे लागतात.

पीएम किसानच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून आपली स्थिती पाहा. जमीन नोंद, ई-केवायसी आणि आधार-बँक जोडणी या तिन्हींपुढे होकार असला पाहिजे. मदत क्रमांक १५५२६१.

बँकेने हप्ता थकीत कर्जात वळता केला, अशीही तक्रार येते. लाडकी बहीणच्या रकमेबाबत तसे करू नये अशा सूचना शासनाने २०२४ मध्ये बँकांना दिल्या आहेत. असे झाल्यास शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तहसीलदार व जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे प्रत द्या.

वारस नोंद: एका सहीसाठी अडलेले घर

आमच्या शिवारातल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. २०२२ मध्ये त्यांचे पती गेले. जमीन अडीच एकर, पतीच्या नावावर. मृत्यूची माहिती गेल्यावर हप्ते थांबले, आणि ते बरोबरच होते. पण वारस नोंदीचा अर्ज एका कार्यालयात वर्षभर पडून राहिला. कधी दाखला हवा, कधी साहेब नाहीत. तोवर ना हप्ता, ना पीककर्ज. पहिल्या वर्षी त्यांनी कानातले मोडून बियाणे आणले. फेरफार झाल्यावर नवीन नोंदणी केली आणि मगच पैसे सुरू झाले. ज्या वर्षी घराला सर्वांत जास्त गरज होती, त्याच वर्षी मदत बंद होती.

पीएम किसानसाठी १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असणे आवश्यक आहे. त्यानंतर खरेदी केलेली जमीन चालत नाही, पण वारसाहक्काने आलेली चालते. म्हणून घरात मृत्यू झाल्यास दुःखातही एवढे करा: मृत्यूचा दाखला मिळताच वारस नोंदीचा अर्ज द्या, पोच घ्या, आणि फेरफार मंजूर होताच नवीन नोंदणी करा. भाऊबंदांनीही विधवा वहिनीची नोंद अडवून धरू नये. त्यात नुकसान लेकरांचे होते.

ज्यांच्या नावावर सातबाराच नाही

या साऱ्या हिशोबात एक मोठा वर्ग सुटतो. निम्म्या बटाईने शेत करणारा, मक्त्याने घेणारा, आखाजीला वर्षाचा करार करणारा सालदार, निंदणी-वेचणीला जाणारी मजूर बाई, ऊसतोडीला जाणारे कुटुंब. पीएम किसान आणि नमो जमिनीच्या मालकीवर मिळतात. घाम गाळणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसेल तर तो त्यांच्या लेखी शेतकरी नाही. कापूस बुडाला तर बियाण्याचे पैसे बटाईदाराचेही जातात, हप्ता मात्र मालकाच्या खात्यात येतो.

अशा घरांनी लाडकी बहीण, निराधार योजना, रेशन आणि ई-श्रम नोंदणी तरी सोडू नये. आणि जमीनमालकांना एक विनंती: शेत बटाईने दिले असेल, तर हप्त्याचा निम्मा भाग बियाण्या-खतात घालण्याचे आधीच ठरवून घ्या. आमच्या भागात काही जण असे करतात. त्यामुळे बटाईदार सावकाराकडे जात नाही, वेळेवर पेरणी होते आणि मालकाचा वाटाही वाढतो.

फसवणुकीपासून सावध

हप्त्याच्या सुमारास व्हॉट्सॲपवर "पीएम किसान" किंवा "लाडकी बहीण" नावाच्या फाइल फिरतात. त्या उघडल्या की मोबाईल चोराच्या ताब्यात जातो. लिंकवरून ॲप घेऊ नका आणि ओटीपी कोणालाही सांगू नका. ठसा देऊन पैसे काढताना छापील पावती मागा आणि रक्कम वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराला सोबत न्या. फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करा.

थोडक्यात लक्षात ठेवा

- फेब्रुवारीचा हप्ता बियाण्याला, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा रब्बीला, पावसाळ्यातला निंदणी, खत आणि विम्याला.
- जूनमध्ये हप्ता येईलच असे धरून उधारी करू नका.
- पीककर्ज मुदतीत फेडून नवे करा. सावकाराचे व्याज हप्ता खाऊन टाकते.
- बाईच्या नावावरची जमीन योजनेच्या फरकासाठी हलवू नका.
- ई-केवायसी, आधार जोडणी, फार्मर आयडी आणि वारस नोंद मे महिन्याआधी तपासा.

दोन हजार रुपयांत शेतीचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी कापसाला भाव लागतो, पाणी लागते, वेळेवर कर्ज लागते. पण हेच दोन हजार योग्य वेळी हातात असले, तर बैल दावणीला राहतो आणि पेरणीला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. या वर्षीच्या फेब्रुवारीत हप्ता आला की एवढे करून पाहा: पैसे मोडण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून जूनचा हिशोब एका कागदावर मांडा.